तुम्ही कुणासाठी रांगेत उभे राहाल?

मॅचच्या तिकिटासाठी, कॉन्सर्टच्या एंट्रीसाठी, लालबागच्या राजासाठी, नवा फोन लाँच झाला म्हणून दुकानाबाहेर... रांगेत उभं राहणं आपल्याला काही नवीन नाही. या सगळ्या रांगांमध्ये एक गोष्ट कॉमन असते. शेवटी काहीतरी हातात पडतं. तिकीट, सीट, प्रसाद, निदान एखादा फोटो तरी.

पण एक रांग अशीही असते, जिच्या शेवटी काहीच मिळत नाही. तासन्‌तास उभं राहायचं, पाय दुखवायचे, घामाघूम व्हायचं आणि नंबर आला की फक्त दोन-चार सेकंद थांबून, हात जोडून पुढे सरकायचं. बस्स. ज्याच्यासाठी आलो, त्याला आपण आलोय हे कळणारही नसतं.

ती रांग म्हणजे अंत्यदर्शनाची रांग.

आठवून बघा, १० ऑक्टोबर २०२४. आदल्या रात्री उशिरा रतन टाटा गेल्याची बातमी आली आणि सगळ्यांचे स्टेटस एकाच फोटोने भरून गेले. दुसऱ्या दिवशी नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या आवारात त्यांचं पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं. तिरंग्यात लपेटलेलं. मोठमोठे उद्योगपती, मंत्री, खेळाडू आले, ते येणारच होते. पण त्यांच्यासोबत ज्यांचा टाटांशी आयुष्यात कधी संबंध आला नव्हता असे हजारो लोकही आले. त्यांचा ‘गोवा’ नावाचा कुत्राही निरोप द्यायला आणला होता, तो व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिला असेल. नंतर वरळीच्या स्मशानभूमीत शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. हा माणूस कधी मंत्री नव्हता, आमदार-खासदार नव्हता. तरी सरकारने त्याला तिरंगा दिला आणि लोकांनी आपला दिवस.

मला वाटतं, या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. सरकार काय देतं आणि लोक काय देतात. आज त्याबद्दलच बोलू या.

माझी सात सेकंदं

आधी एक कबुली देते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना आमच्या शहरातले एक ज्येष्ठ रंगकर्मी गेले. त्यांचं पार्थिव नाट्यगृहाच्या आवारात ठेवलं होतं. मी त्यांची दोन नाटकं पाहिली होती. एकदा तर शिबिरात त्यांनी माझं वाचन ऐकून ‘पुन्हा वाच, घाई करू नकोस’ असं सांगितलं होतं. म्हणून गेले. दीड तास रांगेत होते. पुढचे काका त्यांच्या जुन्या प्रयोगांच्या आठवणी सांगत होते, मागच्या मावशी पदराने डोळे पुसत होत्या.

माझा नंबर आला आणि मी काय केलं? फोन वर केला. स्टोरीला टाकायला व्हिडिओ हवा होता ना! सात सेकंदांचा व्हिडिओ झाला, तोही हललेला. तेवढ्यात स्वयंसेवक म्हणाला, “चला, चला, पुढे चला.” मागच्या मावशी हळूच म्हणाल्या, “बाळा, हात तरी जोडायचेस.”

तो व्हिडिओ मी कधीच टाकला नाही. पण आज इतक्या वर्षांनी मला त्यांचा चेहरा आठवत नाही, फोनची स्क्रीन आठवते. दीड तास रांगेत उभी राहिले आणि ज्या सात सेकंदांसाठी उभी होते, तीच घालवली. त्यानंतर या रांगेबद्दल वाचत गेले. जे सापडलं ते भारी इंटरेस्टिंग आहे.

आधी शब्द समजून घेऊ

थोर व्यक्तीचं पार्थिव सार्वजनिक ठिकाणी मानाने ठेवायचं आणि कुणालाही येऊन निरोप देऊ द्यायचा, याला इंग्रजीत ‘लाइंग इन स्टेट’ म्हणतात. आपण साधं ‘अंत्यदर्शन’ म्हणतो. मला आपला शब्द जास्त आवडतो, कारण इंग्रजी शब्दात सरकारी थाट आहे आणि आपल्या शब्दात बघणारा माणूस आहे. देवाचं घेतो तसंच दर्शन. फक्त शेवटचं.

अमेरिकेत या परंपरेचे नेमके शब्द ठरलेले आहेत. वॉशिंग्टनला त्यांच्या संसदेची जी इमारत आहे ना, कॅपिटॉल, तिच्या मोठ्या घुमटाखाली एक गोल दालन आहे. त्याला रोटुंडा म्हणतात. सरकारी पदावरच्या किंवा सैन्यातल्या व्यक्तीचं पार्थिव तिथे ठेवलं तर ते ‘लाइंग इन स्टेट’. तेव्हा पहाऱ्याला सैन्यदलांचे जवान असतात. पण व्यक्ती सामान्य नागरिक असेल, म्हणजे कुठलंही सरकारी पद नसेल, तर त्याला म्हणतात ‘लाइंग इन ऑनर’. तेव्हा पहारा कॅपिटॉलच्या पोलिसांचा असतो. आणि या इमारतीबाहेर, समजा सुप्रीम कोर्टाच्या दालनात पार्थिव ठेवलं, तर तिसराच शब्द, ‘लाइंग इन रिपोज’.

हा मान कुणाला द्यायचा याचा लेखी कायदा नाही. संसदेने ठराव करायचा किंवा तिथल्या नेत्यांनी मान्यता द्यायची, आणि घरच्यांची परवानगी घ्यायची. म्हणजे हा मान हक्काने मिळत नाही, त्या वेळची माणसं तो द्यायचं ठरवतात. आणि म्हणूनच ही यादी वाचण्यासारखी आहे.

पाइनच्या फळ्या आणि एक यादी

या यादीतलं पहिलं नाव १८५२ सालचं आहे, हेन्री क्ले. त्या काळचे बडे सिनेटर. गुलामगिरीच्या प्रश्नावर उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांमध्ये तडजोडी घडवणारे म्हणून त्यांचं नाव होतं. आणि हो, ते स्वतःही गुलाम बाळगून होते. ज्या इमारतीत त्यांना मान मिळाला, ती उभारण्यातही गुलामांचे हात राबले होते.

१८६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांची हत्या झाली. त्यांची शवपेटी ठेवायला घाईघाईने एक मंच बनवला गेला. थाटमाट काही नाही. पाइनच्या साध्या, खरबरीत फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या आणि वर काळं कापड. तुम्हाला वाटेल, नंतर त्याच्या जागी संगमरवरी काहीतरी आलं असेल. नाही! दीडशेहून अधिक वर्षं झाली, तोच मंच अजून वापरतात. कापड बऱ्याचदा बदललं, फळ्यांना आधार दिला, पण मूळ सांगाडा तोच. एरवी तो कॅपिटॉलच्या पर्यटक केंद्रात बघायला ठेवलेला असतो. म्हणजे जगातल्या सगळ्यात ताकदवान देशाचा सगळ्यात मोठा मान चार साध्या फळ्यांवर उभा आहे.

यादी पुढे सरकत राहिली. राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, सेनापती. जवळपास दीड शतक त्यात एकही कृष्णवर्णीय नाव नव्हतं. एकाही बाईचं नाव नव्हतं.

मग १९९८ साल आलं. जुलै महिन्यात एक बंदूकधारी कॅपिटॉलमध्ये घुसला. त्याला अडवताना जेकब चेस्टनट आणि जॉन गिब्सन हे दोन पोलीस अधिकारी मारले गेले. ज्या इमारतीची राखण केली, त्याच इमारतीच्या रोटुंडात त्या दोघांना मान मिळाला. ‘लाइंग इन ऑनर’ ही पद्धत तेव्हापासून सुरू झाली. चेस्टनट हे त्या यादीतले पहिले कृष्णवर्णीय. ना राष्ट्राध्यक्ष, ना सिनेटर. रोज प्रवेशद्वारापाशी येणाऱ्या-जाणाऱ्यांची तपासणी करणारा माणूस.

गुलाम बाळगणाऱ्या सिनेटरपासून दारावरच्या कृष्णवर्णीय पोलिसापर्यंत यायला १४६ वर्षं लागली. यादी वाचण्यासारखी आहे म्हटलं ते यासाठी.

बसमधली ती बाई

आता यादीतलं माझं सगळ्यात आवडतं नाव. रोझा पार्क्स.

१ डिसेंबर १९५५. अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी शहर. ४२ वर्षांची रोझा एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये शिवणकाम करायची. संध्याकाळी काम संपवून बसने घरी निघाली. तिथे तेव्हा नियम असा, की गोऱ्यांनी पुढे बसायचं, काळ्यांनी मागे. गोऱ्यांच्या सीट भरल्या की मागच्यांनी उठून जागा करून द्यायची. ड्रायव्हरने तिला उठायला सांगितलं. ती उठली नाही. तिला अटक झाली, दंड झाला.

ती अचानक ‘व्हायरल’ झालेली बाई नव्हती बरं का. ती वर्षानुवर्षं नागरी हक्कांच्या चळवळीत काम करत होती. तिच्या अटकेनंतर शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस चालला. लोक मैलोन्‌मैल चालत कामाला गेले. त्यातूनच मार्टिन ल्यूथर किंग नावाचा तरुण पाद्री सगळ्या देशाला माहीत झाला. शेवटी सुप्रीम कोर्टाने बसमधला हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. रोझाला मात्र किंमत मोजावी लागली. नोकरी गेली, गाव सोडावं लागलं, डेट्रॉइटला जाऊन नव्याने सुरुवात करावी लागली.

२४ ऑक्टोबर २००५ ला वयाच्या ९२ व्या वर्षी ती गेली. तेव्हा काय झालं बघा. माँटगोमेरी आणि डेट्रॉइट या दोन्ही शहरांतल्या बसमधल्या पुढच्या सीट काळ्या फिती लावून तिच्यासाठी राखून ठेवल्या गेल्या, थेट अंत्यसंस्कारापर्यंत. आणि तिचं पार्थिव वॉशिंग्टनला आणून रोटुंडात ठेवलं गेलं. त्या दालनात हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. हजारो लोक रात्री उशिरापर्यंत रांगेत उभे होते.

विचार करा. बसमधून उठ म्हणून जिला पोलिसांच्या ताब्यात दिलं, तिला ५० वर्षांनी त्याच देशाने आपल्या सगळ्यात मोठ्या घुमटाखाली जागा दिली. आणि त्या जागेसमोर थांबायला सगळे रंग एकाच रांगेत उभे होते.

ज्यांना जागा मिळाली नाही

पण थांबा. यादी वाचताना, कोण आहे यापेक्षा कोण नाही हे जास्त बोलतं.

मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ ला हत्या झाली. ते रोटुंडात नव्हते. त्यांच्या स्वतःच्या जॉर्जिया राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्टर मॅडॉक्स हे वंशभेदाचे उघड समर्थक. राज्यातर्फे किंग यांना जाहीर मानवंदना द्यायला त्यांनी नकार दिला. किंग यांची शवपेटी अटलांटाच्या रस्त्यांवरून एका साध्या शेतगाडीतून नेली. गाडीला दोन खेचरं जुंपलेली. किंग यांचा शेवटचा लढा गरिबांसाठी होता, त्याची आठवण म्हणून ती गाडी. तोफगाडा नाही, सलामी नाही. पण गाडीमागे लाखभराहून अधिक माणसं चालत होती.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९७२ मध्ये, एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर गेले. ज्यांच्या एफबीआयने किंग यांचे फोन चोरून ऐकले, तेच हे हूव्हर. त्यांना रोटुंडात मान मिळाला.

आज तुम्ही या दोघांपैकी कुणाचं नाव आधी ऐकलं होतं? उत्तर तुमच्याकडेच आहे.

आणि गोष्ट तिथे संपत नाही. २००६ मध्ये किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांचं निधन झालं. तेव्हा त्यांचं पार्थिव त्याच जॉर्जिया राज्याच्या कॅपिटॉलमध्ये ठेवलं गेलं. तिथे हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या कृष्णवर्णीय. नवऱ्याला नाकारलेला दरवाजा ३८ वर्षांनी बायकोसाठी उघडला.

म्हणून सांगते, सरकारी मान हा त्या त्या काळाचा असतो. तो चुकतो, उशिरा येतो, कधी कधी येतच नाही. लोकांची रांग मात्र बहुतेक वेळा आधी येते.

आपल्याकडची रांग

हे आपल्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. योगायोग बघा, माँटगोमेरीत बसचा बहिष्कार चालू होता, त्याच काळात, ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण झालं. पार्थिव विमानाने मुंबईत आणलं आणि दादरच्या हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृह’मध्ये अंत्यदर्शनासाठी ठेवलं. राजगृह म्हणजे बाबासाहेबांनी आपल्या हजारो पुस्तकांना जागा व्हावी म्हणून बांधलेलं घर. दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीपर्यंत जी अंत्ययात्रा निघाली, तिला लाखोंचा जनसागर लोटला होता.

ती रांग संपली का? नाही. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन बघा. विदर्भातून, मराठवाड्यातून, देशभरातून लोक येतात. शिवाजी पार्कवर रात्र काढतात, तासन्‌तास रांगेत उभे राहतात. आणि परतताना पुस्तकं घेऊन जातात! कुठल्याही सरकारी आदेशाशिवाय जवळपास ७० वर्षं चालू असलेलं हे अंत्यदर्शन आहे, असं मला दरवेळी वाटतं. तुमच्या बॅचमधलं कुणी तिथे स्वयंसेवक म्हणून जात असेल तर एकदा त्याच्यासोबत जाच.

आपल्याकडे सामान्य नागरिकाला शासकीय इतमाम द्यायचा की नाही, हे राज्य सरकार ठरवतं. पोलिसांची मानवंदना, बंदुकीच्या फैरी, बिगूल आणि तिरंगा. तिरंग्याचे नियम मात्र पक्के आहेत. पार्थिवावर ध्वज घालताना केशरी पट्टा डोक्याकडे हवा. आणि ध्वज चितेवर जाळायचा नाही, कबरीत पुरायचा नाही. त्याआधी तो काढून घ्यायचा. म्हणजे झेंडा माणसाला शेवटपर्यंत सोबत करतो, पण शेवटच्या पायरीवर मागे थांबतो. कारण तो देशाचा असतो, पुढच्या कुणासाठी तरी लागणार असतो.

६ फेब्रुवारी २०२२ ला लतादीदी गेल्या, तेव्हा हाच तिरंगा शिवाजी पार्कवर होता. पण त्याच वर्षी, महिनाभर आधी, तो आणखी एका बाईंना मिळाला होता. सिंधुताई सपकाळ. नवऱ्याने घराबाहेर काढलेली, कडेवर तान्हं लेकरू, पोटासाठी रेल्वेत गाणी म्हणून भीक मागितलेली बाई. तीच पुढे हजारो अनाथ लेकरांची माय झाली. ४ जानेवारी २०२२ ला पुण्यात त्यांचं निधन झालं आणि दुसऱ्या दिवशी महानुभाव पंथाच्या रीतीप्रमाणे, शासकीय इतमामात त्यांचा दफनविधी झाला. जिला एके काळी राहायला छप्पर नव्हतं, तिला निरोप द्यायला सरकार उभं होतं. तिला ‘माई’ म्हणणारी तिची लेकरं तर होतीच. आपली रोझा पार्क्स कोण, असं कुणी विचारलं तर मी हे नाव घेईन.

व्हीआयपी गेट आणि वर केलेले मोबाइल

आता जरा कडू बोलते. आपल्याकडच्या अंत्यदर्शनाला गेलात तर दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, व्हीआयपी गेट. सामान्य माणूस उन्हात तीन तास उभा आणि बाजूच्या गेटमधून गाड्या येताहेत, पुष्पचक्र ठेवताहेत, कॅमेऱ्यासमोर बाइट देताहेत. दुसरी गोष्ट, सामान्य माणसांचे वर केलेले मोबाइल. म्हणजे माझ्यासारखेच.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांचं पार्थिव लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ठेवलं होतं. चार दिवसांत सुमारे अडीच लाख माणसं येऊन गेली. थेम्स नदीच्या काठाने काही किलोमीटर लांब रांग होती. ती कुठपर्यंत आलीय हे सांगणारा लाइव्ह ट्रॅकर यूट्यूबवर चालू होता. मनगटावर नंबरचा पट्टा बांधायचा, म्हणजे पाणी प्यायला, बाथरूमला जाऊन परत आपल्या जागेवर येता येतं. एका टप्प्यावर तर २४ तास थांबावं लागेल असं सांगत होते. डेव्हिड बेकहॅमसुद्धा त्याच रांगेत १२ तासांच्या आसपास उभा होता. बाकीच्यांसारखाच, डोक्यावर टोपी घालून. तिथेही काहींना रांगेशिवाय आत सोडल्याची चर्चा झाली आणि लोक भडकले. कारण त्या रांगेत सगळे सारखे, हेच तर तिचं वैशिष्ट्य! आणि आत गेल्यावर फोटोला बंदी. शांतता. थांबा, मान झुकवा, पुढे चला.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस गेले, तेव्हाही सुमारे अडीच लाख लोक व्हॅटिकनला आले. पोप यांनी आधीच नियम बदलून ठेवले होते. उंच मंच नको, साधी लाकडी पेटी, जमिनीपासून जेमतेम वर. तिथे मात्र लोकांनी सेल्फी काढायला सुरुवात केली आणि फोटो काढू नका असं सांगायची वेळ आली. म्हणजे हा प्रॉब्लेम फक्त आपला नाही. ज्याने स्वतःला जमिनीच्या पातळीवर आणलं, त्याच्यासमोरही आपण स्वतःलाच फ्रेममध्ये घेतो.

मग निरोप द्यायचा कसा? त्याचं एकच उत्तर नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीश रूथ बेडर गिन्सबर्ग यांचं पार्थिव कॅपिटॉलमध्ये होतं. तिथे ‘इन स्टेट’ मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. ऐंशी पार केलेल्या या बाई नियमाने पुशअप्स मारायच्या. त्यांचा व्यायाम घेणारा ट्रेनर पेटीसमोर आला, खाली वाकला आणि त्याने तीन पुशअप्स मारल्या. मग उठून निघून गेला. कुणाला वाटेल हे काय! पण त्या दोघांची ओळखच त्या पुशअप्सची होती. त्याने जे दोघांमध्ये खरं होतं, ते तिथे ठेवलं. फूल नाही, फोटो नाही.

मला विचाराल तर निरोप असाच द्यावा. आपण त्या माणसाकडून जे घेतलं, ते मनात आठवत.

रांगेत जाणार असाल तर...

• फोन सायलेंटवर टाका आणि खिशात ठेवा. फोटो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येणारच आहे, तोही तुमच्यापेक्षा चांगला.

• पाण्याची बाटली जवळ असू द्या. पुढच्या-मागच्या आजी-आजोबांनाही विचारा. त्यांना बसायचं असेल तर त्यांची जागा धरून ठेवा.

• ओळख काढून मधूनच घुसू नका. तीन तास वाचतील, पण रांगेत उभं राहण्याचा अर्थच जाईल.

• शेजारच्याशी बोला. ‘तुम्ही कसे आलात?’ एवढंच विचारा. गेलेल्या माणसाच्या अशा गोष्टी कळतील, ज्या कुठल्याच बातमीत येत नाहीत.

• नंबर आला की घाई असतेच. पण तेवढे चार सेकंद चेहऱ्याकडे बघा. तेवढ्यासाठीच तर आलाय.

• जायला जमलं नाही तरी अपराधी वाटून घेऊ नका. त्यांचं एखादं पुस्तक वाचा, गाणं ऐका, काम पुढे न्या. हीसुद्धा रांगच आहे.

आणि शेवटी...

मान कुणाला द्यायचा हे मंत्री ठरवतील, संसद ठरवेल. त्यांची यादी चुकेल, पन्नास वर्षांनी दुरुस्त होईल. पण आपला एक दिवस, आपले दुखणारे पाय, आपले चार सेकंद कुणाला द्यायचे, हे ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही. ती यादी तुमची तुम्ही करायची असते.

तर आज रात्री झोपण्याआधी एक काम करा. फोनच्या नोट्समध्ये पाच नावं लिहा. तुम्ही कुणासाठी रांगेत उभे राहाल? त्यात एखादा खेळाडू असेल, गायिका असेल, शास्त्रज्ञ असेल. शाळेतल्या बाई असतील, गल्लीतल्या वाचनालयाचे काका असतील. यादी झाली की नीट बघा. त्यातली बरीच माणसं आज जिवंत आहेत, हो ना?

मग त्यांना भेटायला अजून रांग लागलेली नाही. जा, भेटून या. माझ्या त्या सरांना मी शिबिरानंतर भेटायला गेले असते, तर दार त्यांनी स्वतः उघडलं असतं.